वालीवचा ओला कचरा : यंत्राआधी वर्गीकरण

वसईच्या पूर्वेकडील वालीवमध्ये कारखान्यांचे गाळे, कामगारांच्या चाळी आणि खानावळी एकमेकांना खेटून उभ्या आहेत. ओल्या कचऱ्यावरील प्रक्रियेची पद्धत निवडताना हा शेजारच निर्णायक ठरतो. शिळ्या भातात रंगाचे डबे, तेलकट चिंध्या एकदा मिसळल्या, की त्यापासून निर्धोक खत मिळण्याची आशा सोडलेली बरी. शहरी कंपोस्टमध्ये शिसे, कॅडमियम किती असावे, याला खत नियंत्रण आदेशाने मर्यादा घातली आहे. दुसरीकडे, हाच मिश्र कचरा ढिगाऱ्यात हवेविना कुजला की मिथेन तयार होतो आणि आगी धुमसत राहतात. जवळच्या गोखिवऱ्याच्या कचराभूमीने हा अनुभव वारंवार दिला आहे.

खानावळींच्या उष्ट्या अन्नासाठी बायोगॅस अधिक सोयीचा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' तंत्रात अन्नाचा लगदा करून तो आधी उष्णताप्रिय जिवाणूंकरवी पचवला जातो व नंतर हवाबंद टाकीत सोडला जातो. मात्र नारळाच्या करवंट्या, हाडे, कांद्याची टरफले त्यास चालत नाहीत. लहान प्रमाणावर डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील 'आरती' संस्थेचे संयंत्र आहे. शेणाऐवजी पिष्टमय खरकट्यावर चालणाऱ्या या संयंत्रासाठी संस्थेला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

चाळींतील भाजीपाल्याची देठे व पालापाचोळा यांना कंपोस्ट खड्डा पुरेसा आहे. पण वसईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. छप्पर नसलेल्या खड्ड्याचा चिखल होऊन दुर्गंधी सुटते. गांडूळखतास त्याहून अधिक निगा लागते. चोवीस तासांत खत देण्याचा दावा करणारी विजेची यंत्रे गृहसंकुलांत लोकप्रिय झाली असली, तरी त्यांतून बहुधा वाळवलेले अन्नच बाहेर पडते. ते भिजले की पुन्हा कुजू लागते.

गिऱ्हाईक दूर नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील केळी, फुले व भाजीच्या वाड्यांना सेंद्रिय खत हवेच असते. काचा आणि प्लॅस्टिक निघालेले खत मात्र वाडीवाला दुसऱ्यांदा घेणार नाही. त्यामुळे यंत्राच्या निविदेआधी पालिकेने खानावळींसाठी स्वतंत्र गाडी सुरू करावी आणि गाळ्यांचा कचरा तिच्यापासून दूर ठेवावा. हा खर्च संयंत्राच्या तुलनेत किरकोळ आहे.