भूक खरी, चोच खोटी

मगरिबच्या अजानला पाच-सात मिनिटे उरली होती. दस्तरखान अंथरलेला, खजुराची बशी आणि पाण्याचे पेले मांडलेले. गेल्या रमजानमधली ही आमच्या घरातली संध्याकाळ. तेरा तास पाण्याचा थेंबही न घेतलेल्या माझ्या मुलाचा हात खजुराकडे जात नव्हता. अंगठा मात्र मोबाइलवर सारखा फिरत होता. त्याला रागावणार, तोच लक्षात आले, फोन माझ्याही हातात आहे.

समोर अन्न असताना आपण थांबू शकतो. मग या अंगठ्याला का थांबवता येत नाही?

याचे एक उत्तर निको टिनबर्गन या जीवशास्त्रज्ञाच्या प्रयोगात सापडते. कुरव या समुद्रपक्ष्याच्या पिवळ्या चोचीवर लाल ठिपका असतो. भुकेले पिल्लू त्यावर टोचा मारते आणि आई-बाप त्याला भरवतात. टिनबर्गनने पिलांपुढे पांढरे पट्टे ओढलेली बारीक लाल काडी धरली. पक्ष्याच्या हुबेहूब बनवलेल्या डोक्यापेक्षा पिलांनी त्या काडीवरच जास्त टोचा मारल्या! काडीतून घास मिळणार नव्हता. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी टिनबर्गनला 1973 मध्ये दोन सहकारी शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळाले.

पिलाची भूक खरी होती. खोटी होती ती चोच.

आज बाजारात अशा काड्या जागोजागी आहेत. गोडाची ओढ आपल्याला जन्मतःच असते. पूर्वी गोड म्हणजे बोर, जांभूळ. ते मोसमातच मिळे, त्यात चोथा असे, बी असे, खाताना वेळ लागे. आता तीच गोडी रंगीत बाटलीतून बारा महिने, दोन घोटांत मिळते. माणसांविषयीचे कुतूहलही असेच उपजत आहे. पण चावडीवरच्या गप्पा रात्र झाली की संपत. वर्तमानपत्राचे पान संपते, हा लेखही थोड्या वेळात संपेल. मोबाइलचा पडदा संपत नाही. बोट सरकवत राहावे आणि खालून नवे येत राहावे, ही अखंड स्क्रोलची रचना 2006 मध्ये एझा रास्किन या तंत्रज्ञाने केली. पुढे त्याबद्दल त्याने स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. आपण जितका वेळ गुंतून राहू तितकी जाहिरातींची कमाई जास्त. म्हणजे ही काडी कोणी तरी हिशेब करूनच रंगवलेली आहे.

रोजा इथे काय शिकवतो? रोजात आपण दूर ठेवतो ते पाणी आणि भाकरी. या वस्तू हलाल आहेत, एरवी त्यांना मनाई नाही. इस्लाम भुकेला पाप मानत नाही. उलट सूर्य मावळल्यावर रोजा सोडायला उशीर करू नये, अशीच शिकवण आहे. पोटाचा एक हिस्सा अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, असे पैगंबरसाहेबांनी सांगितले आहे. भूक नाकारायची नाही, तिला हद्द घालायची, हा रोजाचा धडा. आणि हद्द नसणे हाच तर खोट्या चोचीचा गुण!

आपल्याच दारात झाडू मारायचा तर मराठीतली एक म्हण आम्हा रोजेदारांनाही लागू पडते: ‘एकादशी, दुप्पट खाशी.’ दिवसभर संयम पाळायचा आणि रात्री तळलेल्या पदार्थांनी व सरबतांनी त्याची भरपाई करायची. तरावीह झाली की सहरीपर्यंत रील्स बघत जागायचे. अशाने पोटाचा रोजा पुरा होतो, मनाचा राहून जातो.

मुलांना नुसते बोलून मात्र भागणार नाही. लहान मूल आयुष्यातला पहिला रोजा निभावते, कारण सगळे घर, सगळा मोहल्ला त्याच्यासोबत उपाशी असतो. एकट्याने हे फार कठीण गेले असते. फोनचेही तसेच आहे. म्हणून यंदा आम्ही घरात एक टोपली ठेवली. इफ्तारच्या अर्धा तास आधी सगळ्यांचे फोन तिच्यात, पहिला माझा. सुरुवातीचे दोन-तीन दिवस सगळे टोपलीकडेच बघत होते. चौथ्या दिवशी मुलाने आजीला विचारले, तुम्ही पहिला रोजा कधी धरला होता? ती गोष्ट अजानपर्यंत पुरली.

चातुर्मास, पर्युषण, लेंट पाळणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना ही हद्दीची भाषा नवी नाही. रात्रीच्या जेवणाची वेळ तर प्रत्येक घरात असते. तेवढ्यापुरती एक टोपली सर्वांनीच ठेवून पाहावी. तीन खजूर खाल्ले की बशीत तीन बिया उरतात. किती खाल्ले ते कळते. दिवसभरात किती पाहिले, हे सांगणारी बी मोबाइलवर अशी आपोआप डोळ्यांसमोर उरत नाही. ती आपणच ठेवायची आहे.