एक आय.व्ही. केजीएफला!

"काय भो, रॉकी भेटला का?"

सुट्टीनंतर कॅन्टीनमध्ये पाऊल टाकलं तर पहिला प्रश्न हाच. कारण सुट्टीतले २५ दिवस मी केजीएफला, म्हणजे कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सला राहून आले. २०१८ आणि २०२२ चे दोन्ही सिनेमे आपल्या होस्टेलने इतक्या वेळा बघितलेत, की मेसवाल्या काकांनाही डायलॉग पाठ आहेत. तर मित्रांनो, एकदाच सांगून टाकते. रॉकी भेटला नाही. जे भेटलं त्यावरून मात्र कॉलेजकडे एक मागणी करायची आहे. आपली पुढची इंडस्ट्रियल व्हिजिट एक दिवस तरी केजीएफला न्या.

(मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ रूममेटकडून तपासून घेतलेत. उरलेल्या चुका माझ्या.)

माझ्या मावशीचे यजमान, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, बीईएमएलमध्ये आहेत. बुलडोझर, एक्स्कॅव्हेटर बनवणाऱ्या या सरकारी कंपनीचा एक मोठा कारखाना केजीएफला आहे. भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेस, मग बंगलोरहून मारीकुप्पमची लोकल. रॉबर्टसनपेट, चॅम्पियन रीफ्स, कोरोमंडल अशी तिकडची नावं. गाव कर्नाटकात, घराघरात तमिळ, नावं गोऱ्या साहेबांची. मी चक्रावलेच.

गाव समजलं ते ताताांमुळे. तमिळमध्ये आजोबांना ताता म्हणतात. काकांच्या मित्राचे हे वडील २६ वर्षं खाणीत होते. अजून ते खाणकामगारांच्या जुन्या लाइनीतच राहतात. एक खोली, पुढे पडवी, वर पत्रा. मला तमिळ येत नाही, त्यांना हिंदी येत नाही. पण खाणीत साहेबाशी बोलून बोलून त्यांना कामापुरतं इंग्रजी छान येतं. माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी इंटरव्ह्यूची तयारी सोडून आयुष्यात पहिल्यांदा कशाला तरी उपयोगी पडलं!

इथे थोडा इतिहास हवाच. १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स या इंग्रजी कंपनीने इथे काम सुरू केलं. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून सुमारे दीडशे किलोमीटर तारा टाकून खाणींना वीज आणली. बंगलोरच्या रस्त्यांवर दिवे त्यानंतर तीन वर्षांनी आले. खाण ३ किलोमीटरहून खोल गेली. तळाचा दगड हाताला चटका बसेल इतका गरम. आणि एक गोष्ट फिजिक्सच्या सरांसाठी: १९६५ मध्ये याच खाणीत, जमिनीखाली सव्वादोन किलोमीटरच्या पुढे, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि इंग्रज सहकाऱ्यांबरोबर वातावरणातले न्यूट्रिनो पकडले. जगात जवळजवळ पहिल्यांदाच! हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. तुम्हाला होतं?

ताता हे काही सांगत नाहीत. ते सांगतात रॉकबर्स्टचं. इतक्या खोलीवर दगडावर एवढा दाब असतो की तो अचानक फुटतो. वर घरात फळीवरची भांडी वाजली, की बायका दारात येऊन उभ्या राहायच्या आणि आता कोणाची शिफ्ट आहे ते आठवायच्या. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात मी 'स्ट्रेस' या शब्दाची व्याख्या चार मार्कांना लिहिली होती. त्यात भांडी नव्हती.

२८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. सोनं संपलं म्हणून नाही. टनाला मिळणारं सोनं कमी कमी होत गेलं, खोली वाढत गेली आणि खर्च विक्रीच्या पुढे गेला. पंप थांबले, खाली पाणी भरलं. आता पुन्हा उतरायचं म्हटलं तरी सोपं नाही. गावातली माणसं रोज पहाटेच्या लोकलने बंगलोरला जातात, रात्री परत येतात. एक दिवस मीही त्या गाडीने गेले. उभं राहायला जागा नव्हती आणि अर्धा डबा झोपलेला होता, उभ्याउभ्यासुद्धा.

आणि ते डोंगर. दगडाचं पीठ करायचं, सायनाइडच्या पाण्याने त्यातलं सोनं काढून घ्यायचं, उरलेलं पीठ बाहेर टाकायचं. शंभर-सव्वाशे वर्षांचं पीठ, १३ ढिगारे, जवळजवळ ३.३ कोटी टन. वारा सुटला की ते घरात येतं, भाकरीच्या पिठावर बसतं. मावशी दुपारी खिडक्या उघडतच नाही. सिनेमावाल्यांना ते लोकेशन म्हणून आवडले. २०२४ मध्ये त्यातून पुन्हा सोनं काढायच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने मान्यता दिली. म्हणजे त्या पिठालाही आता भाव आलाय. ताताांचं घर अजून त्यांच्या नावावर नाही.

एका रात्री मी वहीत हिशोब केला. सगळ्या वर्षांत मिळून सोनं निघालं सुमारे ८०० टन. ३.३ कोटी भागिले ८००. तोळ्यामागे, म्हणजे १० ग्रॅममागे, चारशे किलोच्या वर पीठ! आजीच्या हातात दोन पाटल्या आहेत, चार तोळ्यांच्या. ते सोनं कुठल्या खाणीतलं कोण जाणे. पण कोलारच्या हिशोबाने तिच्या दोन मनगटांवर दीड टनाच्या वर पीठ आहे.

आपलं जळगाव स्वतःला सुवर्णनगरी म्हणवतं. लग्नाचं सोनं घ्यायला लोक कुठून कुठून आपल्या सराफ बाजारात येतात आणि मलाही त्याचा अभिमान आहे. पण आपल्याकडे सोनं मखमली डबीत येतं. त्याआधीचं काही येत नाही.

आजीच्या पाटल्या आधी चार होत्या. हे मला आत्ता कळलं. आजोबा इथल्याच एका गिरणीत होते. गिरणी बंद पडली एवढंच मला माहीत होतं, पुढचं मी कधी विचारलंच नाही. यावेळी विचारलं. आजी म्हणाली, "दोन वर्षं ते रोज डबा घेऊन गेटपर्यंत जायचे अन् परत यायचे. मंग मीच पाटल्या काढून दिल्या." आजोबा समोरच होते. ते पेपर वाचत राहिले.

आता आपल्या आय.व्ही.बद्दल. बंगलोर-मैसूर-उटी. पाच दिवसांत इंडस्ट्री दीड तास, उटीचं चॉकलेट उरलेला वेळ. (चॉकलेटला माझा विरोध नाही.) त्या दीड तासात चकचकीत शॉप फ्लोअर दाखवतात आणि आपण रिपोर्टमध्ये ले-आउट काढतो. चार वर्षांत आपण कारखाना उभारायचा कसा, चालवायचा कसा, उत्पादन वाढवायचं कसं, सगळं शिकतो. बंद करायचा कसा, यावर मला आमच्या सिलॅबसमध्ये एक युनिट सापडलं नाही. उरलेल्या राडारोड्याचं काय, पाण्याचं काय, लाइनीतल्या माणसांचं काय, हे जणू इंजिनीअरचं कामच नाही. इथले निम्मे मेकॅनिकलवाले दीपनगरच्या वीज केंद्रात लागायची स्वप्नं बघतात. तिथली राख कुठे जाते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय?

एका सरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "अगं, बंद खाणीत बघणार काय? आत सोडत नाहीत. रिपोर्टला प्रोसेस फ्लो डायग्राम कुठून आणशील?" सरांचं अर्धं बरोबर आहे. आत सोडत नाहीत, आणि ढिगाऱ्यावर चढून रील काढायची परवानगी मीही मागणार नाही. ती धूळ फुप्फुसात घ्यायची वस्तू नाही. पण शाफ्टवरचे लोखंडी सांगाडे रस्त्यावरून दिसतात, ढिगारे दिसतात, लाइनी दिसतात. ताता दोन तास बोलतील, तेही बसून, खोकला आला की थांबून. फ्लो डायग्राम मी काढते सर: दगड, पीठ, सोनं, आणि त्यापुढचा बाण.

बंगलोरहून केजीएफ शंभर किलोमीटर आहे. पहाटे निघालो तर रात्री मुक्कामाला परत. उटी रद्द करायची गरज नाही, बंगलोरमधला मॉलचा दिवस दिला तरी चालेल.

अर्ज लिहून तयार आहे. लेडीज होस्टेलचा कागद टीव्ही रूममध्ये आहे, बॉईज होस्टेलचा मेसच्या काउंटरवर. सध्या ११ सह्या झाल्यात, त्यातली एक 'रॉकी' अशी आहे. ज्याने केली त्याने कृपया खरं नाव घालावं, एच.ओ.डी. सर सह्या मोजतात.