शपथ नको, औषध द्या!

व्यसनी पोराला देवापुढे उभे करून शपथ घालायची, ही आमच्या देवळ्याकडची रीत मला मुळीच मान्य नाही! गर्द हा अखेर अफूचाच अवतार. तो शरीरात मुरतो. मधुमेह्याची साखर शपथेने उतरते काय? अनिता व अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ काढले, ते व्यसनी हा रोगी आहे हे जाणूनच. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवली की तलफ आवरते. शहाणे म्हणतात, ‘हे दुसरे व्यसनच!’ अहो, नुसते कोंडून ठेवले की ते विष पचवण्याची अंगातली ताकद जाते. सुटल्यावर पोराने जुनीच मात्रा घेतली, तर श्वासच थांबायचा! एकमेकांच्या सुयांनी कावीळ नि एड्स जडतो, तो निराळाच. वाचकहो, पोर पुन्हा घसरले तर पुन्हा दवाखान्यात न्या. हिवतापाचा रोगी पुन्हा तापला, तर त्याला आपण खोटारडा म्हणतो काय?