गणिताशी काडीमोड घेतलेल्यांसाठी

(एस. वाय. बी. ए.)

दहावीचा गणिताचा शेवटचा पेपर देऊन वर्गाबाहेर पडलो, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी मनोमन देवाला हात जोडले असतील! मीही जोडले. कला शाखा मी मराठीच्या ओढीने घेतली असे मी सर्वांना सांगतो. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कारण बीजगणित होते.

पण मित्रहो, हा काडीमोड टिकत नाही. पदवीनंतर एम.बी.ए.ला जायचे म्हटले की राज्याची सीईटी आडवी येते. 2024 च्या परीक्षेत 150 मिनिटांत 200 प्रश्न होते, त्यांतले 50 निव्वळ गणिताचे. एका प्रश्नाला सरासरी 45 सेकंद. चुकल्यास गुण कापत नाहीत, एवढीच काय ती दया.

धास्तीने मी शहरातल्या एका क्लासला चार दिवस फुकट बसून आलो. फी कळल्यावर पाचव्या दिवशी गेलो नाही. तिथे 'शॉर्ट ट्रिक' शिकवतात. किंमत आधी 25 टक्के वाढवली, मग 25 टक्के उतरवली, तर नफा की तोटा? फळ्यावर सूत्र आले, आम्ही उतरवून घेतले. असे का, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

घरी येऊन तेच गणित आबांना, म्हणजे आजोबांना घातले. आबा चौथी शिकलेले. उभा जन्म मार्केट यार्डात मापाडी म्हणून गेला. ते म्हणाले, "सोळाची वस्तू धर. सोळाचे सवापट वीस. विसाचे पाऊणपट पंधरा. रुपया बुडाला की रे!" सोळात एक म्हणजे सव्वासहा टक्के तोटा. सूत्राचे उत्तरही तेच होते.

आबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे सारे पाढे येतात. 25 टक्के वाढ म्हणजे सवायकी, 50 टक्के वाढ म्हणजे दिडकी, 25 टक्के सूट म्हणजे पाऊणकी. क्लासवाला पैसे घेऊन जे विकतो, त्यातले निम्मे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे. आपण ते कधी मागितले नाही, इतकेच.

मात्र जुने तेच सोने, असे मला म्हणायचे नाही. आबा सीईटीला बसले तर नापास होतील, कारण प्रश्न इंग्रजीत असतात. माझेही तेच झाले. सरावाच्या पेपरात 'सक्सेसिव्ह डिस्काउंट' हे शब्द आले आणि मी त्याचा अर्थ 'यशस्वी सूट' असा लावला! एकामागून एक दिलेली सूट, हे कळायला शब्दकोश उघडावा लागला. गणित मला येत होते. शिवाय 'सिक्स्टी नाईन' वाचून मनात 'एकोणसत्तर' म्हणायचे, त्यातही दोन क्षण जातात. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात संख्या वाचण्याची सुटी रीत आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आम्ही पोरेही हसलो होतो. आता हसू येत नाही.

तेव्हा आमची भीती गणिताची किती आणि इंग्रजीची किती, हे एकदा तपासायला हवे. आपल्या महाविद्यालयात विज्ञान शाखेला गणिताचे प्राध्यापक आहेत, आपल्याकडे इंग्रजीचे आहेत. दोघांनी मिळून आठवड्यातून एक तास कला शाखेला दिला, तर क्लासच्या फीची जमवाजमव करणाऱ्या कितीतरी घरांवरचा भार उतरेल. वाङ्मय मंडळाला खोली मिळते, नाट्य मंडळाला मिळते. शेकडेवारीला का मिळू नये? कलेच्या विद्यार्थ्याने आकडेमोडीत पडू नये, असे म्हणणारेही भेटले. त्यांच्या घरी बहुधा फीचा हिशेब दुसरेच कोणी करत असावे.

प्राचार्यांकडे अर्ज दिला आहे. त्यावर सध्या सातजणांच्या सह्या आहेत. खोली मिळेपर्यंत शनिवारी दुपारी दोन वाजता ग्रंथालयाच्या व्हरांड्यात बसतो. येताना दहावीचे गणिताचे पुस्तक आणावे. रद्दीत घातले असेल, तर माझ्याकडे दोन आहेत.