‘काही लागलं तर सांगा’ म्हणणं आता पुरे



आज जरा कडक लिहिणार आहे. ज्यांना लागेल त्यांनी फोन करून भांडावं, माझी तयारी आहे.

गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत चहा घेता घेता एक वाक्य कानावर आलं. "तिला आता समाज कशाला लागतोय? तिच्या त्या कुंड्यावाल्या बायका आहेत की!" चार जणी हसल्या. जिच्याबद्दल हे चाललं होतं ती तिथे नव्हती, कारण ती त्या वेळी नवऱ्याला धरून घरातल्या घरात दहा पावलं चालवत होती. हे हसू मला अजून पचलेलं नाही.

तिचं नाव लिहीत नाही. आपल्यातलीच आहे, पाठशाळेत आपल्या मुलांना शिकवलेली आहे. वैशाखात एका सकाळी तिच्या मिस्टरांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना, बोलणं जड झालं. घरात ८२ वर्षांच्या सासूबाई, मुलगा पुण्याला. तिने पहिला फोन एका जवळच्या नातेवाइकांना केला. उत्तर आलं, पित्त झालं असेल, नारळपाणी दे, अकरापर्यंत बघू. दुसरा फोन तिने बागेच्या गटातल्या एका मैत्रिणीला केला, ती निवृत्त परिचारिका आहे. तिने तीन प्रश्न विचारले आणि सांगितलं, पाण्याचा थेंबही देऊ नको, गिळता येत नसलं तर श्वासनलिकेत जाईल. कधी सुरू झालं ती वेळ कागदावर लिही. १०८ ला फोन कर. आणि सिटी स्कॅन जिथे लगेच होईल तिथेच ने. मेंदूत गाठ अडकून झटका आला असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे पाहावं लागतं. अकरापर्यंत बघत बसली असती तर ती वेळ घरातच संपली असती.

मग १९ दिवस दवाखाना. त्या १९ दिवसांत कुणी काय केलं ते मी जवळून पाहिलं आहे, कारण बागेच्या त्या ११ जणींत मीही आहे.

पहिल्याच दिवशी दुपारी एकीने तिच्या घराची किल्ली घेतली. गच्चीवर दीडशेच्या आसपास कुंड्या. कोल्हापुरातलं वैशाखातलं ऊन तुम्हाला माहीत आहे, मोगरा आणि अनंत एक दिवस पाण्यावाचून राहिले की माना टाकतात. सकाळी एक, संध्याकाळी एक, अशी पाळी लागली. पण झाडांचं मी मोठेपण सांगत नाही. किल्ली हातात असल्यामुळे त्याच बाईला दिसलं की सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत, गॅस संपत आलाय, आणि म्हातारी दोन दिवस फक्त दूध-लाह्यांवर आहे.

सासूबाईंचा नियम कडक. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, पाणी गाळलेलं आणि जेवण सूर्यास्ताआधी. बाहेरचा डबा त्या घेणार नाहीत. तेव्हा शिवाजी पेठेतली आमची एक मैत्रीण, जिच्या घरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला अख्खी गल्ली नावाजते, रोज पाचला अंघोळ करून त्यांच्या घरी यायची. त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच भांड्यांत, त्यांच्याच गाळण्याने पाणी गाळून, आजी खाटेवरून सांगतील तसं मुगाचं वरण, दोडक्याची भाजी, भात करायची. सहाच्या ठोक्याला ताट. आजींनी तिसऱ्या दिवशी तिला विचारलं म्हणे, "बाळ, तू कुणाची गं?" आणि तिचं आडनाव ऐकून एवढंच म्हणाल्या, "मीठ जरा कमी घाल."

एक बँकेतून निवृत्त झालेली. तिने फाईल हातात घेतली. रेशनकार्ड, आधार, बिलं, तपासण्यांचे कागद तारखेप्रमाणे लावले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ म्हणून माणूस बसलेला असतो, त्याच्याकडे जाऊन कोणता उपचार बसतो आणि कोणता नाही ते विचारायचं असतं. आपल्यातल्या किती जणींना हे माहीत आहे? तीर्थयात्रेच्या बसचं वेळापत्रक मात्र तोंडपाठ असतं.

आता समाजाकडून काय झालं तेही सांगते. ४० च्या वर माणसं भेटून गेली. हे मी तक्रार म्हणून सांगते आहे. अतिदक्षता विभागाच्या दाराशी सकाळ-संध्याकाळ दहा-दहा जण. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. प्रत्येकाच्या ओळखीत कुणाला तरी असंच झालेलं, आणि त्यातलं अर्धं दगावलेलं. शहाळी, सफरचंदं, ग्लुकोजची बिस्किटं, जी रुग्णाला चालत नव्हती आणि तिला घरी न्यायला हात रिकामे नव्हते. जाताना प्रत्येकीचं ठरलेलं वाक्य: "काही लागलं तर सांगा हं, संकोच करू नका."

मैत्रिणींनो, हे वाक्य मदतीचं नाही, सुटकेचं आहे. हे म्हटलं की आपण मोकळ्या. जिचा नवरा आत नळ्यांनी बांधलेला आहे तिने आता विचार करायचा, कुणाला काय सांगावं, कुणाला वाईट वाटेल, कुणाकडे गाडी आहे, कुणाचं लहान मूल आहे. म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक काम. तिने मागितलं नाही, तर नंतर आपण म्हणायला मोकळ्या की तिने सांगितलंच नाही. बागेतली एकही बाई तिला असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर वरच्या मजल्यावर दीडशे कुंड्या वाळल्या असत्या आणि खालच्या मजल्यावर आजी.

आणखी एक वाक्य त्या दाराशी ऐकलं, ते याहून वाईट. "असाता वेदनीयाचा उदय, दुसरं काय!" तेही तिच्यासमोर. कर्मसिद्धांत आपल्या धर्माचा कणा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो स्वतःच्या दुःखाकडे समतेने पाहण्यासाठी शिकवलेला आहे. दुसऱ्याच्या खाटेशी उभं राहून त्याचा निकाल वाचण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? कर्म भोगायचंच आहे, मग मदतीची गरज काय, असं शास्त्रकारांना वाटलं असतं तर त्यांनी वैयावृत्त्य सांगितलंच नसतं. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात अंतरंग तपं सहा सांगितली आहेत आणि त्यात वैयावृत्त्य हे स्वाध्याय आणि ध्यान यांच्याच पंगतीला आहे. ते कुणाचं करायचं, त्या दहांच्या यादीत ‘ग्लान’ हा शब्द स्वतंत्र आहे. ग्लान म्हणजे आजारी.

ताई लोक म्हणतील, ते मुनींविषयी आहे. हो, तिथला रोख साधूंकडेच आहे. समंतभद्राचार्यांनी श्रावकांच्या चार शिक्षाव्रतांत वैयावृत्त्य घातलं, तिथेही संयमींची सेवा हाच मुख्य विषय आहे. मला हे नाकारायचं नाही. पण भाद्रपदात षोडशकारणाचं व्रत आपण बायकाच करतो ना? त्या सोळा भावनांत वैयावृत्त्य म्हणून पूजा वाहतो, अर्घ्य चढवतो. ज्या हाताने महाराजांची सेवा करायची सवय लागली, तो हात शेजारच्या जिन्यावर चढताना आखडावा, अशी ही भावना आहे का? आहारदानाबरोबर औषधदानही चार दानांत धरलेलं आहे. ते फक्त दवाखान्याच्या भिंतीवरच्या फरशीत नाव कोरून होतं, असं कुठे लिहिलंय मला दाखवा.

बागेवरून टोमणा मारणाऱ्यांना एकच सांगते. माती उकरण्यात हिंसा आहे, पाणी-झाड सगळे एकेंद्रिय जीव आहेत, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून मावा आला तर आम्ही पाण्याच्या फवाऱ्याने धुतो, विष मारत नाही. पण कोल्हापूर-सांगली-बेळगावकडचा आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या शेतीवर जगला. उसाच्या पैशांवर पंचकल्याणकं झाली. त्या घरातल्या सुनेने चार कुंड्या लावल्या की अहिंसा आठवते, हे बरं नव्हे.

आणि या बायकांना इतकं कसं जमलं, याचं उत्तर त्या थोर आहेत हे नव्हे. आमच्यातही हेवेदावे आहेत, जास्वंदीच्या फांदीवरून दोघी तीन महिने बोलत नव्हत्या. उत्तर साधं आहे. दर मे महिन्यात कुणी ना कुणी माहेरी किंवा मुलाकडे जाते, तेव्हा बागेला पाणी कोण घालणार, हे आधी ठरवावं लागतं. त्यामुळे आम्हा ११ जणींकडे एकमेकींच्या घराच्या किल्ल्या आहेत. कुणाच्या गच्चीची कडी कशी निघते, कुणाचं कुत्रं चावतं, कुणाच्या टाकीची मोटर कधी सुरू करायची, सगळं माहीत आहे. शेणखताचं पोतं वाटून घ्यायचं, बी द्यायचं, रोप घ्यायचं, हिशेब कुणी ठेवत नाही. संकट आलं तेव्हा नवीन काहीच करावं लागलं नाही, पाळीच्या यादीत फक्त दवाखाना वाढला. आपल्या मंडळात आपल्याला एकमेकींचं माहेर माहीत आहे, सुनेचं शिक्षण माहीत आहे, लग्नात किती तोळे घातले तेही माहीत आहे. किती जणींकडे दुसरीच्या घराची किल्ली आहे?

जमत नाही असं म्हणू नका. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा घरात आली तेव्हा याच कोल्हापुरात आपणच भाकऱ्या थापल्या. कुणाची जात विचारली नाही, काय लागलं तर सांगा म्हणत बसलो नाही, ट्रॅक्टरमध्ये चढवून मोकळ्या झालो. नदीने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की सगळं शहर जागं होतं. एका घराला पूर आला तर ते मोजायला पट्टी नाही, एवढाच फरक. सीपीआरजवळच्या टाऊन हॉलच्या बागेत दुपारी कधी जाऊन बघा. कोकणातून, सीमाभागातून आलेले नातेवाईक झाडाखाली गाठोडं उशाला घेऊन पडलेले असतात. रुग्णाची काळजी डॉक्टर घेतात. त्यांची कोण घेतं?

शिस्तही आपल्याला शिकवावी लागत नाही. चातुर्मासात महाराज गावात असले की आपल्या चौक्याची वही बघा. कोणत्या दिवशी कुणाचा चौका, पहाटे पाणी कोण भरणार, दळण कुणी आणायचं, मदतीला कोण, एकही खाडा नाही. तीच वही, तेच पेन, त्याच बायका. १८९९ साली दक्षिण भारत जैन सभा निघाली तेव्हा पोरं खेड्यात अडली होती, म्हणून बोर्डिंगं निघाली. गरज दिसली तशी सोय केली. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर अण्णांचं नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांच्या लक्ष्मीबाईंनी साताऱ्याच्या वसतिगृहातल्या सगळ्या जातींच्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले. त्यांची पुण्यतिथी करायची आणि पेठेतल्या मराठ्याच्या सुनेने जैन आजीला वाढलेलं ताट बघून हसायचं, या दोन्ही गोष्टी एका मंडळात कशा बसतात?

मिस्टर घरी आले आहेत. भेटायला येणारे आता थांबले, कारण बातमी शिळी झाली. खरं काम मात्र आत्ता आहे. रोजचा व्यायाम, दर आठवड्याची तपासणी, बोलायला शिकवणं, चिडचिड सोसणं, हे कित्येक महिने चालणार. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी गुरुवारी दुपारी दोन तास येऊन बसणारी बाई पाहिजे, म्हणजे ती निदान केस धुईल.

पुढच्या बैठकीत मी एक वही घेऊन येते आहे. रकाने आखले आहेत: नाव, कोणता वार, किती ते किती, गाडी चालवता येते का, दवाखान्यात रात्री झोपता येईल का, रक्तगट. रक्त देणाऱ्यांनी वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ आहे का ते तपासून या, बऱ्याच जणी तिथेच अडकतात. एक रकाना ‘किल्ली कुणाकडे’ असा आहे. ‘काही लागलं तर’ असा रकाना नाही. पहिली ओळ मी भरली आहे: मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते पाच, स्कूटर आहे, रात्री झोपू शकते, ओ पॉझिटिव्ह, किल्ली शेजारच्या वहिनींकडे. दुसऱ्या ओळीत शिवाजी पेठेतल्या त्या मैत्रिणीचं नाव आहे, तिने स्वतःहून लिहायला सांगितलं. तिसरी ओळ रिकामी आहे.