‘बी गट’ एवढ्यावर अहवाल संपत नाही

बी गटाचा स्ट्रेप्टोकोकस हा नवजात बालके, गर्भवती आणि वयस्क मधुमेही यांच्यात आजार घडवणारा म्हणून ओळखला जाणारा जिवाणू. 2015मध्ये सिंगापुरात मात्र तो धडधाकट प्रौढांच्या रक्तात सापडू लागला. काहींना मेंदूज्वर झाला, काहींचे सांधे सुजले. माग काढताना पेजेसोबत खाल्ल्या जाणाऱ्या कच्च्या माशाच्या कापांवर बोट ठेवले गेले. जुलैत सोंग हा कार्प आणि तोमान हा मरळीच्या कुळातला मासा कच्चा विकू नये, अशी सूचना निघाली. 5 डिसेंबरला गोड्या पाण्यातला कोणताही मासा कच्चा विकण्यावर बंदी आली. आंग मो किओतल्या हॉकर सेंटरपासून बड्या हॉटेलांपर्यंत ती सर्वांना लागू झाली.

या बंदीमागे रेणवीय चिन्हकांचा पुरावा होता. 16एस आरआरएनए जिवाणूची जाती सांगतो, तिच्या पोटातले भेद नाही. नेहमीच्या वापरातली मॅल्डी-टॉफही तिथेच थांबते. सेरोटाइप तीन आला तरी गुंता उरतो. नवजातांच्या मेंदूज्वरासाठी कुप्रसिद्ध असलेला सीक्वेन्स टाइप 17 (एसटी17) आणि सिंगापुरात माशांतून आलेला एसटी283 हे दोघेही सेरोटाइप तीनचेच. त्यांना वेगळे काढते एमएलएसटी. सात जनुकांच्या तुकड्यांतील ॲलीलना क्रमांक मिळतात आणि त्या सात क्रमांकांच्या संचावरून एसटी ठरतो. पण हे तुकडे मिळून सुमारे साडेतीन हजार बेसचे, तर जिनोम 21 लाखांच्या आसपास. म्हणून एसटी जुळला तरी उगम जुळतोच असे नाही. त्यासाठी संपूर्ण जिनोममधले एकेका बेसचे फरक मोजावे लागतात.

एवढे होऊनही अनेक प्रयोगशाळांचा अहवाल ‘बी गट, पेनिसिलिनला संवेदनशील’ या ओळीवर संपतो. उपचाराला ती ओळ पुरते, साथ ओळखायला नाही. त्याहून वाईट म्हणजे अहवाल गेला की कल्चरही ऑटोक्लेव्हमध्ये जाते. सीक्वेन्सिंगची सोय नाही, ही सबब इथे चालणार नाही. ग्लिसरॉलमधली एक कुपी गोठवून ठेवायला सीक्वेन्सर लागत नाही; फेकून दिलेल्या कल्चरचा जिनोम मात्र कोणतेही यंत्र वाचू शकत नाही.

तेव्हा गर्भवती नसलेल्या, मधुमेह नसलेल्या प्रौढाच्या रक्तात बी गट आढळला, तर आधी कुपी गोठवावी. सेरोटाइप पाहावा, तो तीन निघाला तर कुपी संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावी. आणि रुग्णाने अलीकडे कोणता मासा कच्चा खाल्ला, हे त्याच दिवशी विचारून अहवालावर लिहावे.