विश्लेषण : संपर्क दुसऱ्याने दिला, तर संमती कोणाची?

नोकरी बदलण्याचा विचारही नसताना भरती सल्लागाराचा फोन येतो. कधीही नाव न ऐकलेल्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी थेट मोबाइलवर येतो आणि नाव, हुद्दा, कंपनी सगळे अचूक सांगतो. अशा वेळी संशय बँकेवर किंवा मोबाइल कंपनीवर जातो. मात्र अनेकदा ही माहिती व्हिजिटिंग कार्ड घेतलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडूनच पुढे गेलेली असते. विक्रेते आणि भरतीदारांसाठी लोकांकडूनच संपर्क गोळा करणाऱ्या माहितीसाठ्यांचा व्यवसाय यावरच उभा आहे.

हा व्यवहार चालतो कसा?

व्यावसायिक संपर्कांची यादी फार लवकर शिळी होते. माणसे नोकरी सोडतात, बढती मिळते, कंपन्यांचे विलीनीकरण होते. पगारी माणसे ठेवून ही यादी ताजी ठेवणे महागडे. अमेरिकेतील ‘जिगसॉ’ या कंपनीने त्यावर तोडगा काढला. सदस्याने आपल्याकडील संपर्क साठ्यात भरायचे, त्याबदल्यात गुण मिळवायचे आणि ते गुण खर्चून इतरांनी भरलेले संपर्क पाहायचे. चुकीची नोंद दुरुस्त केली तरी गुण मिळत. सेल्सफोर्सने २०१० मध्ये ही कंपनी १४.२ कोटी डॉलरना विकत घेतली आणि पुढे तिचे नाव ‘डेटा डॉट कॉम’ झाले. ती सेवा नंतर बंद झाली, पण पद्धत टिकली. आता कार्ड हाताने टंकावेही लागत नाही. मोफत सेवेच्या बदल्यात ईमेलच्या तळाशी असलेल्या स्वाक्षरीतून नाव, हुद्दा आणि फोन क्रमांक उचलण्याची परवानगी काही कंपन्या वापरकर्त्याकडून घेतात.

याचा उपयोग कोणाला?

उपयोग खरा आहे. नव्या उद्योजकाला मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागापर्यंत पोहोचायचे असेल, तर स्वागतकक्षातील फोन पुरेसा नसतो. ज्याच्या बड्या ओळखी नाहीत, त्यालाही अशी यादी दार उघडून देते. भरतीदारामुळे एखाद्याला चांगली नोकरीही मिळते. त्यामुळे हा सारा धंदाच वाईट, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

मग आक्षेप कशावर?

या सौद्यात दोन बाजूंना फायदा होतो आणि तिसऱ्याला कोणी विचारत नाही. गुण संपर्क देणाऱ्याला, पैसे कंपनीला आणि फोन मात्र ज्याचा क्रमांक आहे त्याला. ‘आम्ही फक्त व्हिजिटिंग कार्डावरची माहिती ठेवतो, नको असेल तर काढून टाकू,’ हा अशा कंपन्यांचा नेहमीचा बचाव. पण आपले नाव यादीत आहे हेच ठाऊक नसलेला माणूस ते काढायला सांगणार कसा?

भारतात हा बचाव आणखी लंगडा पडतो. टेबलावरचा कार्यालयीन फोन येथे बहुतांश ठिकाणी मागे पडला आहे. कार्डावर असतो तो खासगी मोबाइल. त्याच क्रमांकावर बँकेचा ओटीपी येतो, यूपीआय चालते, मुलांच्या शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप गटही असतो. त्यामुळे ‘व्यावसायिक’ म्हणून यादीत गेलेला क्रमांक घरापर्यंत पोहोचतो. नाव, हुद्दा आणि मोबाइल एकत्र मिळाले की बनावट फोन करणाऱ्या भामट्याचेही काम सोपे होते.

युरोपात काय घडले?

फ्रान्सच्या ‘सीएनआयएल’ या माहिती संरक्षण नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘कॅस्पर’ या कंपनीला २ लाख ४० हजार युरोंचा दंड केला. लिंक्डइनवरील व्यक्तींचे संपर्क ग्राहकांना पुरवणाऱ्या या कंपनीकडे सुमारे १६ कोटी संपर्क होते. ज्यांनी आपला संपर्क मर्यादित लोकांनाच दिसावा असे ठरवले होते, त्यांचीही माहिती तिने उचलल्याचे नियामकाला आढळले. संबंधितांना वेळेत कळवले नाही, हाही ठपका होता.

भारतीय कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, कंपन्यांवरील प्रमुख बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. घरगुती वापरासाठी फोनमध्ये ठेवलेले क्रमांकही बाहेर आहेत. पण सहकाऱ्याने गुणांसाठी कंपनीला दिलेला क्रमांक या दोन्ही सवलतींत बसवणे कठीण आहे. त्या व्यक्तीने तो जाहीर केलेला नाही आणि हा वापर घरगुतीही नाही. माहिती संरक्षण मंडळाने ही बाब सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी.

उपाय काय?

‘१९०९’वर नोंदणी केल्याने प्रचारी फोनना आळा घालता येतो, पण माहितीसाठ्यातील नोंद पुसली जात नाही. म्हणून नवा संपर्क नोंदवला जाताच त्या व्यक्तीला तिला कळेल अशा भाषेत संदेश जावा. माहिती कुठून आली हे त्यात असावे, नाव काढण्याचा सोपा मार्ग असावा आणि एकदा काढलेले नाव दुसऱ्या सदस्याने भरले तरी परत येऊ नये. याने धंदा बुडेल, ही भीती अनाठायी आहे. कोणाची नोकरी बदलली, कोणाला कोणत्या कामासाठी फोन चालेल, हे त्या माणसाइतके नेमके कोणालाच ठाऊक नसते. त्याला विचारून केलेली यादी आकाराने लहान असेल, पण ती शिळी होणार नाही आणि फोन उचलणाराही वैतागलेला नसेल.